दुखणे थांबल्यावर उरलेले काम

रात्रभर ठणकणारी दाढ रूट कॅनॉलनंतर शांत होते. गालाची सूज उतरते, जेवणखाण पूर्ववत सुरू होते आणि रुग्णाच्या लेखी उपचार संपलेला असतो. दंतवैद्याच्या लेखी मात्र तो अर्धाच झालेला असतो. ‘आता यावर कॅप बसवावी लागेल’ असे सांगून दिलेली पुढची तारीख अनेकदा कागदावरच राहते. पगार झाल्यावर पाहू, पाळी बदलली की पाहू, दिवाळीनंतर पाहू, असे म्हणता म्हणता महिने लोटतात. मग एखाद्या दिवशी फुटाणा किंवा सुपारीचे खांड दाढेखाली येते आणि दाढेचा तुकडाच निघून हातात येतो. चीर मुळापर्यंत उतरली असेल, तर एवढ्या खटाटोपाने वाचवलेली दाढ काढून टाकण्यावाचून इलाज उरत नाही.

पिंपरी-चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात या दिरंगाईला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे पाळ्यांचे वेळापत्रक. रूट कॅनॉलसाठी एक ते तीन खेपा, कॅपसाठी आणखी किमान दोन. ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कामगाराला प्रत्येक खेपेचा खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दाढ दुखत असताना सुट्टी मागणे सोपे असते. न दुखणाऱ्या दाढेसाठी ती कशी मागायची, हा प्रश्न समजण्यासारखा आहे. पण त्यामागे एक गैरसमज दडलेला आहे. वेदना असते ती दाताच्या आतील नसेची, तर तुटण्याचा धोका असतो तो दाताच्या भिंतींना. रूट कॅनॉलने पहिली गोष्ट दूर होते. दुसरी होती तशीच, किंबहुना थोडी वाढून, मागे राहते.

दाढ दुबळी का होते?

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल हा मानवी शरीरातील सर्वात कठीण पदार्थ. त्याच्या आत डेंटिनचा तुलनेने लवचिक थर आणि त्याच्याही आत रक्तवाहिन्या व मज्जातंतूंनी भरलेली पोकळी असते. या पोकळीतील भागाला लोक सोयीने ‘नस’ म्हणतात. कीड एनॅमल व डेंटिन पोखरत नसेपर्यंत पोहोचली, की ठणका सुरू होतो. रूट कॅनॉलमध्ये हा संसर्ग झालेला भाग काढून मुळांच्या नळ्या स्वच्छ केल्या जातात व त्या बंद केल्या जातात.

नस काढल्याने दात ‘वाळतो’ आणि म्हणून ठिसूळ होतो, असे पूर्वी सांगितले जात असे. संशोधनाने ही समजूत बरीचशी बाजूला सारली आहे. रीह, मेसर आणि डग्लस या संशोधकांनी काढलेल्या उपदाढांवर केलेला प्रयोग १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. नसेपर्यंत जाण्यासाठी वरून केवळ छिद्र पाडले असता दाताचा ताठरपणा सुमारे ५ टक्क्यांनीच घटला. मात्र दाताच्या पुढील व मागील कडा कापून मधून आरपार खाच केली, तेव्हा तो सुमारे ६३ टक्क्यांनी घटला. म्हणजे दाढेला दुबळी करते ती मुख्यतः कीड, आणि कीड काढताना गमवावा लागलेला भाग. दोन शेजारी दातांच्या मधून लागलेली कीड दाढेच्या नेमक्या या कडाच खाऊन टाकते. मग उरतात त्या गालाच्या व जिभेच्या बाजूच्या उभ्या भिंती, एकमेकींना न धरणाऱ्या.

दाढेवर पडणारा भार काही थोडाथोडका नसतो. निरोगी प्रौढ माणूस पूर्ण जोर लावून चावतो, तेव्हा दाढेवर साधारण पन्नास ते सत्तर किलो वजनाइतका दाब येऊ शकतो. आधार गेलेल्या भिंतींमध्ये असा दाब वारंवार पडला, की त्या पाचरीने लाकूड फाकावे तशा बाहेरच्या बाजूला फाकतात. दाढेत भरलेले सिमेंट पोकळी बुजवते, भिंतींना घट्ट आवळून धरत नाही. ते काम कॅपचे. दंतशास्त्रात जिला ‘क्राउन’ म्हणतात ती ही कॅप दाढेला चहूबाजूंनी वेढते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव जशी चाकाचे तुकडे एकत्र बांधून ठेवते, तशीच ही रचना आहे.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात झालेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रूट कॅनॉल झालेल्या दातांपैकी ज्यांवर कॅप बसवली नव्हती, ते गमावण्याचे प्रमाण कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट आढळले. जुन्या नोंदी तपासून केलेल्या अशा अभ्यासाला मर्यादा असतात. मुळात भक्कम असलेल्या दातांवरच कॅप बसवली गेली असण्याची शक्यता त्यात उरते. तरीही भार पेलणाऱ्या दाढांबाबत दंतवैद्यांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो.

कोणत्या दाताला कॅप, कोणत्याला नाही?

याचा अर्थ प्रत्येक बिघडलेल्या दाताला कॅप हवीच, असा नव्हे. कीड लहान असेल, दाढेच्या कडा शाबूत असतील, तर साधे भरणे पुरते. पटाशीच्या दाताला रूट कॅनॉल करावे लागले, पण त्याचा बराचसा भाग टिकून असला, तर केवळ मागील छिद्र बंद करूनही भागते. काही दाढांना पूर्ण कॅपऐवजी फक्त चावण्याचा पृष्ठभाग झाकणारे ‘ऑनले’ बसवता येते. त्यात दात कमी घासावा लागतो.

कॅपची खरी गरज असते ती मोठी कीड लागून रूट कॅनॉल झालेल्या दाढांना व उपदाढांना, चीर गेलेल्या दाताला, जुने मोठे भरणे वारंवार निखळणाऱ्या दाढेला आणि झिजून आखूड झालेल्या दातांना. तोंडात सर्वात आधी येणारी कायमची दाढ वयाच्या साधारण सहाव्या वर्षी उगवते. दुधाचे दात न पडता ती त्यांच्या मागे येत असल्याने पालक तिलाही दुधाची दाढ समजतात आणि तिच्या किडीकडे दुर्लक्ष करतात. पुढे तरुणपणी रूट कॅनॉल आणि कॅपची पाळी अनेकदा याच दाढेवर येते.

उलट काही वेळा कॅप बसवून उपयोगच नसतो. मुळाला उभी भेग गेली असेल किंवा हिरडीच्या विकाराने दात खिळखिळा झाला असेल, तर वरची टोपी कितीही महागडी असली तरी दात टिकत नाही. हिरडीच्या वर दाताची दीड ते दोन मिलिमीटर उंचीची निरोगी भिंत सर्व बाजूंनी शिल्लक असणे हा यातला कळीचा निकष आहे. कॅपची कड या भिंतीला कवटाळते. ती नसेल तर कॅप केवळ सिमेंटच्या भरवशावर उभी राहते आणि सुटते. म्हणूनच कॅपपूर्वी एक्स-रे काढून मुळे, हाड आणि रूट कॅनॉलचा दर्जा तपासला जाणे आवश्यक ठरते.

केवळ दात पांढरेशुभ्र वा सरळ दिसावेत म्हणून निरोगी दातांवर कॅप बसवण्याचा मोह मात्र टाळावा. कॅपसाठी घासलेला एनॅमलचा थर पुन्हा वाढत नाही. जिवंत दात घासल्यावर काही दातांची नस कालांतराने मरते आणि रूट कॅनॉल करण्याची वेळ येते. एकदा कॅप बसलेल्या दाताला आयुष्यभर कॅपचीच गरज राहते.

औद्योगिक पट्ट्यातील दात

कारखानदारीचा आणि दातांचा संबंध केवळ पाळ्यांपुरता नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाक्यांजवळ किंवा बॅटरी तयार करण्याच्या व चार्ज करण्याच्या विभागात हवेत आम्लाचे सूक्ष्म तुषार तरंगतात. अशा ठिकाणी दीर्घकाळ काम करणाऱ्यांच्या पटाशीच्या दातांचे एनॅमल झिजते, कडा पातळ व पारदर्शक होतात, थंड पाणीही सहन होत नाही. ही बाब जगभरच्या व्यावसायिक आरोग्याच्या अभ्यासांत नोंदवलेली आहे. येथे कॅप हा शेवटचा उपाय. आधी हवा खेचून घेणारी यंत्रणा, मास्क आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास घेण्याची सवय हवी. नाहीतर शिल्लक दातही त्याच वाटेने जातात.

दुसरे कारण सवयींचे. रात्रपाळीत झोप उडावी म्हणून सुपारी चघळणे, मिश्रीने दात घासणे, दर विश्रांतीला गोड चहा घेणे हे सारे दातांच्या मुळावर येते. कडक सुपारी वर्षानुवर्षे चघळल्याने दाढांचे उंचवटे सपाट होतात आणि त्यांना सूक्ष्म चिरा जातात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. तथापि सुपारी व तंबाखूची सवय त्यामुळे संपलेली नाही. अशा तोंडात बसवलेल्या कॅपवरही तोच ताण येतो.

तिसरी गोष्ट गोळ्यांची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीनचे नाव या गावाशी कायमचे जोडले गेले. प्रतिजैविकांनी असंख्य जीव वाचवले, यात शंका नाही. परंतु दाढ दुखू लागली की औषधाच्या दुकानातून त्यांच्या गोळ्या आणून दुखणे अंगावर काढण्याची पद्धत घातक आहे. गोळ्यांनी सूज तात्पुरती ओसरते, पण नस मेलेल्या दाढेच्या पोकळीत रक्तपुरवठाच नसल्याने औषध तेथवर पोहोचत नाही. संसर्गाचे मूळ तसेच राहते आणि दरम्यानच्या काळात कीड आणखी भिंत खाते. कॅपला आधार देणारा भाग अशा रीतीने दिवसेंदिवस घटत जातो.

खुर्चीत काय होते?

रूट कॅनॉल झाल्यावर पोकळी भक्कम साहित्याने भरून दाढेला पुन्हा आकार दिला जातो. फारच थोडा भाग उरला असेल, तर मुळाच्या नळीत फायबरची किंवा धातूची दांडी बसवून या भरावाला पकड देतात. दांडीमुळे दात मजबूत होतो, ही समजूत चुकीची आहे. ती फक्त वरचा भराव धरून ठेवते.

त्यानंतर दात घासण्याचे काम. कॅपच्या जाडीइतकी जागा करण्यासाठी चावण्याच्या पृष्ठभागावरून साहित्यानुसार साधारण एक ते दोन मिलिमीटर आणि बाजूंनी त्याहून काहीसा कमी थर काढला जातो. भिंती वरच्या दिशेने किंचित निमुळत्या ठेवाव्या लागतात. त्या अगदी उभ्या असतील तर कॅप आत सरकत नाही, फार निमुळत्या झाल्या तर ती पकड सोडते. दात जिवंत असेल तर ही सारी क्रिया बधिर करण्याचे इंजेक्शन देऊन होते.

मग घासलेल्या दाताचे, शेजारच्या दातांचे आणि समोरच्या जबड्याचे माप घेतले जाते. त्यासाठी रबरासारख्या सिलिकॉन द्रव्याचा ठसा घेतात किंवा तोंडात फिरणाऱ्या छोट्या स्कॅनरने संगणकावर त्रिमितीय प्रतिमा तयार करतात. दाताची छटा शक्यतो दिवसाच्या उजेडात आणि दात कोरडे पडण्यापूर्वी ठरवली जाते. कॅप तयार होईपर्यंत अॅक्रिलिकची तात्पुरती कॅप बसवतात. तिच्यामुळे घासलेला दात झाकला जातो, शेजारचे दात सरकत नाहीत आणि हिरडी जागेवर राहते. तात्पुरती कॅप निघाली आणि रुग्ण दोन-तीन आठवडे फिरकलाच नाही, तर शेजारचा दात जागा व्यापू लागतो आणि तयार झालेली कॅप बसेनाशी होते.

पुढच्या भेटीत कॅप प्रथम न चिकटवता बसवून पाहिली जाते. शेजारच्या दातांशी ती योग्य टेकते का, हे फ्लॉसचा धागा ओढून तपासतात. रंगीत कागद चाववून कॅप उंच लागते का, हे पाहतात. सारे जुळले की सिमेंटने ती कायमची चिकटवली जाते. या तपासणीच्या वेळी ‘थोडे टोचते आहे, पण होईल सवय’ असे म्हणून गप्प राहणे योग्य नव्हे. केसाएवढी उंच राहिलेली कॅपही प्रत्येक घासाला पहिला मार खाते आणि दाढ दुखू लागते.

कारखान्याच्या भाषेतील कॅप

कॅप दवाखान्यात बसत असली तरी ती घडते दंत-प्रयोगशाळेत, आणि तेथील भाषा चाकण-भोसरीच्या टूलरूममध्ये काम करणाऱ्याला परकी वाटणार नाही. घासलेल्या दाताच्या ठशावरून जी प्रतिकृती बनते, तिला तेथेही ‘डाय’ असेच म्हणतात. धातूच्या कॅपसाठी मेणाचा नमुना कोरून त्याभोवती साचा बनवतात, मेण जाळून टाकतात आणि रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओततात. ओतकामाची ही प्राचीन पद्धत दातांच्या कामासाठी अचूक स्वरूपात रूढ करण्याचे श्रेय अमेरिकी दंतवैद्य विल्यम टॅगार्ट यांना दिले जाते. त्यांनी ती १९०७ मध्ये मांडली.

१९८५ मध्ये झुरिच येथे वेर्नर मोरमान यांनी संगणकाच्या साहाय्याने रचना करून आणि यंत्रावर कोरून तयार केलेले पहिले सिरॅमिक भरण रुग्णाच्या दातात बसवले. आजच्या अनेक प्रयोगशाळांत झिर्कोनियाची चकती अशाच प्रकारच्या संगणकीय यंत्रावर कोरली जाते. खडूसारख्या मऊ अवस्थेत ती मुद्दाम वीस ते पंचवीस टक्के मोठी कापतात आणि सुमारे १,५०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. भाजताना ती आक्रसते आणि नेमक्या मापाला येते. धातूच्या भुकटीपासून सुटे भाग सिंटर करणाऱ्या कारखान्यांतील तत्त्व याहून फारसे वेगळे नाही.

सारा कस लागतो तो कॅपची कड आणि दात यांच्या सांध्यात. मॅक्लीन आणि फॉन फ्राउनहोफर यांनी हजारावर कॅप व भरणांची पाच वर्षे पाहणी करून १९७१ मध्ये निष्कर्ष मांडला, की या सांध्यात १२० मायक्रॉनपेक्षा कमी फट असेल तर ती व्यवहारात चालण्याजोगी मानावी. १२० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरच्या आठव्या हिश्शाहूनही कमी. मायक्रोमीटरवर रोज जॉब मोजणाऱ्याला हे अंतर मोठे वाटेल. जिवाणूंना तर ते फारच मोठे आहे, कारण त्यांचा आकार एक मायक्रॉनच्या आसपास असतो. फट सिमेंटने भरलेली असते, पण सिमेंट झिजते व विरघळते. फट जेवढी मोठी, तेवढी कीड परत येण्याची वाट मोकळी. म्हणून कॅपचा रंग, चकाकी आणि कंपनीचे नाव यांपेक्षा ती कडेला किती नेमकी बसली, याला महत्त्व अधिक.

साहित्य कोणते निवडावे?

संपूर्ण धातूची कॅप सर्वात कमी जाडीत बसते, त्यामुळे दात कमी घासावा लागतो आणि ती सहसा फुटत नाही. सोन्याच्या मिश्रधातूची कॅप समोरच्या दाताची झीज फारशी करत नाही; किमतीमुळे ती मागे पडली. निकेल-क्रोमियमची कॅप स्वस्त आहे, पण निकेलची अॅलर्जी असलेल्यांनी ती टाळावी. नकली दागिने किंवा घड्याळाचा धातूचा पट्टा वापरल्यावर त्वचेला खाज सुटत असेल, तर तसे दंतवैद्याला आवर्जून सांगावे.

धातूवर पोर्सिलीनचा थर असलेली कॅप १९६० च्या दशकापासून सर्वत्र रुळली. ती भक्कम असते, दिसायलाही बरी असते. मात्र पोर्सिलीनचा टवका उडू शकतो आणि हिरडी सरकल्यावर कडेला काळसर रेघ दिसू लागते. लिथियम डायसिलिकेट या काचेसारख्या सिरॅमिकची कॅप नैसर्गिक दाताच्या सर्वात जवळ दिसते, म्हणून समोरच्या दातांना ती शोभते. झिर्कोनियाची ताकद तिच्या दुपटीहून अधिक असल्याने दाढांना तो वापरतात. झिर्कोनिया अधिक पारदर्शक बनवला की मात्र त्याची ताकद कमी होते; ‘झिर्कोनिया’ या एकाच नावाखाली वेगवेगळे प्रकार विकले जातात, हे ध्यानात ठेवावे.

झिर्कोनियाच्या कॅपसोबत दहा-पंधरा वर्षांच्या हमीचे कार्ड दिले जाते. ही हमी बहुधा कॅपच्या साहित्यापुरती असते. कॅपखालचा दात किडला किंवा मुळाला भेग गेली, तर कार्डाचा उपयोग होत नाही. दाढ वाचणे महत्त्वाचे असेल आणि खिसा हलका असेल, तर मागच्या न दिसणाऱ्या दाढेला साधी धातूची, पण नीट बसलेली कॅप हा कमीपणाचा पर्याय नव्हे. झिर्कोनिया परवडत नाही म्हणून काहीच न बसवणे, हा मात्र नक्कीच तोट्याचा व्यवहार आहे.

खर्च आणि खेपा

बहुतेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये अपघाताने झालेली इजा वगळता दातांचे उपचार समाविष्ट नसतात. त्यामुळे हा खर्च खिशातूनच होतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगारांनी आपल्या दवाखान्यात किंवा चिंचवडच्या मोहननगरातील योजनेच्या रुग्णालयात दातांच्या कोणत्या उपचारांची सोय आहे, याची आधी विचारणा करावी. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय व रुग्णालयही आहे. दंत महाविद्यालयांत अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात. तेथे खेपा जास्त पडतात आणि वेळ अधिक जातो, पण खर्च सामान्यतः खासगी दवाखान्यापेक्षा कमी असतो. पाळीनुसार दिवसा मोकळा वेळ मिळणाऱ्यांना हा मार्ग सोयीचा ठरू शकतो.

उपचार कोठेही घ्यावेत, पण ते करणाऱ्याची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असल्याची खात्री करावी. रस्त्याकडेला किंवा एखाद्या खोलीत ‘झटपट दात’ बसवून देणारे अॅक्रिलिकचा गोळा शेजारच्या दातांना चिकटवून टाकतात. त्याखाली अन्न कुजते, हिरडी सुजते आणि एका दाताच्या दुरुस्तीपायी शेजारचे दोन चांगले दात जातात.

सर्वात उपयोगी सूचना रूट कॅनॉल सुरू होण्यापूर्वीची आहे. ‘रूट कॅनॉलचे किती?’ एवढेच विचारले, की उत्तरही तेवढेच मिळते आणि कॅपचा खर्च नंतर अंगावर येतो. त्याऐवजी दाढ पूर्ण होईपर्यंत एकूण किती खर्च, किती खेपा आणि किती दिवस, असे विचारून ते लिहून घ्यावे. कॅपचे पैसे लगेच जमणार नसतील, तर तसे मोकळेपणाने सांगावे. दाढेचे उंचवटे कमी करून आणि त्यांवर पक्के भरणे घालून काही काळ धोका कमी ठेवता येतो. ही सोय तात्पुरतीच असते, हे दोघांनीही विसरू नये. गुंतागुंत नसलेल्या दाढेला रूट कॅनॉलनंतर काही आठवड्यांच्या आत कॅप बसलेली बरी.

कॅप बसल्यानंतर

कॅप किडत नाही. कॅपच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून कॅप बसली की दाताची काळजी संपली, असे समजणे म्हणजे पुन्हा पहिल्या पायरीवर जाणे. सकाळी आणि झोपण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करावा, हिरडीलगतची कड त्यात यावी आणि दोन दातांमधील फट फ्लॉसने किंवा बारीक ब्रशने साफ करावी. रात्रपाळी असणाऱ्यांसाठी ‘रात्रीचा ब्रश’ म्हणजे झोपण्यापूर्वीचा ब्रश, मग ती झोप सकाळी नऊ वाजता का असेना. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर दंतवैद्याकडून दातांवर घालण्याचा पारदर्शक संरक्षक साचा बनवून घ्यावा. कॅप बसवलेल्या दाढेने सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे असले प्रयोग वर्ज्य.

कॅप सुटून हातात आली तर ती फेकू नये. धुऊन डबीत ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत दंतवैद्याकडे जावे. दात शाबूत असेल तर पुष्कळदा तीच कॅप पुन्हा बसवता येते. बाजारातील झटपट चिकटणाऱ्या डिंकाने ती घरीच चिकटवण्याचा प्रयत्न करू नये; तो तोंडात वापरण्यासाठी बनवलेला नसतो आणि वाकडी चिकटलेली कॅप काढताना दात तुटू शकतो. कॅपखाली दुखणे, हिरडीवर पुटकुळी येणे, तोंडाला सतत दुर्गंधी येणे किंवा कॅप किंचित हलणे ही लक्षणे दिसताच तपासणी करून घ्यावी.

निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतल्यास पाच वर्षांनंतर सुमारे ९५ टक्के कॅप तोंडात टिकून असल्याचे दिसते. दहा-पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ टिकलेल्या कॅपही विरळा नाहीत. याउलट तुटलेली दाढ काढल्यावर जागा रिकामी ठेवली, तर शेजारचे दात कलतात आणि समोरची दाढ खाली किंवा वर सरकते. ती जागा भरायची तर ब्रिजसाठी बाजूचे दोन दात घासावे लागतात किंवा हाडात इम्प्लांट बसवावे लागते. इम्प्लांटचा खर्च आणि कालावधी टाळलेल्या कॅपच्या कितीतरी पट असतो, आणि खाडेही अधिक पडतात.

ज्यांच्या दाढेचे रूट कॅनॉल होऊन गेले आहे आणि कॅप राहून गेली आहे, त्यांनी दुखण्याची वाट पाहू नये. नस काढलेली दाढ तुटण्यापूर्वी सहसा दुखत नाही, त्यामुळे इशारा मिळेल या आशेवर राहण्यात अर्थ नाही. पुढच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एक एक्स-रे काढून त्या दाढेला अजून कॅप पेलवते का, एवढे पाहून घेणे ही पहिली पायरी. ती पेलवत असेल, तर उरलेले काम दोन खेपांचे आहे.